मास्तरांनी पलीकडे नेलेला माणूस

टांग्यावरचा कर्णा गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा प्रमोदिनी आलं ठेचत होती. सकाळचे दहा वाजले असतील. तिचा नवरा अंबादास जेवून ऑफिसला गेला होता, आक्का, म्हणजे त्याची आई, पडवीत तांदूळ निवडत होत्या, आणि दहा महिन्यांची छबी ओट्याखाली बसून वाटीवर चमचा आपटत होती. कर्णा ओरडत होता, जुना, गाजलेला, देवाधर्माचा इंग्रजी खेळ पुन्हा आलाय, समुद्र दुभंगताना डोळ्यांनी पाहा, एकच आठवडा, रोज दुपारी बारा वाजता, महिलांची बसायची सोय स्वतंत्र. घोड्याच्या टापा, दोन बाजूंना लावलेल्या फळ्या, फळीवर दाढीवाल्या माणसाचा वर उचललेला हात. टांगा पुढं गेला आणि त्याच्या मागं उरलेल्या शांततेत कुणीतरी म्हणालं, ‘आता नदीकडं ध्यान द्या, बायांनो.’ छबीनं चमचा थांबवून वर पाहिलं. प्रमोदिनीलाही क्षणभर समजेना की बोललं कोण. मग जिभेवर त्या शब्दांची चव राहिलेली जाणवली. शब्द तिच्या तोंडून निघाले होते, पण ते तिचे नव्हते. ते आण्णांचे, तिच्या वडिलांचे होते, तेरा वर्षांपूर्वीचे, आणि आण्णांना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

एकसष्ट साली हा सिनेमा कोल्हापुरात पहिल्यांदा आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. देवाचा सिनेमा आहे म्हटल्यावर घराघरातून बायकांना सुट्टी मिळाली. हुपरीहून, कोडोलीहून एस.टी. भरभरून बाया आल्या, भाकरी बांधून, पोरं काखेत घेऊन. आणि आत बसल्यावर कळलं की देव इंग्रजी बोलतोय. दोन दिवस आरडाओरडा झाला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर घरी येऊन आण्णांना घेऊन गेला. यज्ञेश्वर मास्तर, आठवी ते अकरावी इंग्रजी, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा झोपेतून उठे. शाळेला सुट्टी होतीच. तेव्हापासून रोज बाराला आण्णा बायकांच्या बाजूला, पडद्याच्या अंगाला उभे राहत आणि सगळा सिनेमा सांगत. भाषांतर नव्हे, सांगणं. त्या दाढीवाल्याचं नाव त्यांनी एकदासुद्धा घेतलं नाही, ते त्याला ‘आपला माणूस’ म्हणत. आपला माणूस आता राजवाड्यात निघालाय. आपल्या माणसाला झुडपात जाळ दिसतोय, बघा, जाळ आहे पण पान जळत नाही. ती पहिल्या रांगेत पाय हलवत बसे, कारण घरी तिला ठेवायचं कुणाजवळ? आई त्याच वर्षीच्या माघात गेली होती. कोडोलीहून कोल्हापुरात बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं, दोन खोल्या बघून झाल्या होत्या, खिडकी मोजून आईनं पडदासुद्धा शिवला होता, निळ्या काठांचा. मग बिऱ्हाड आलं, परात आली, पाटा आला, पडदा आला.

कोल्हापूरला त्या सिनेमाचं वेड लागलं. सात आठवडे चालला. बाया पुन्हा पुन्हा येत आणि समुद्र दुभंगला की पडद्याच्या दिशेनं नाणी आणि फुलं टाकत. पण त्यांना सगळ्यांत आवडे तो शेवट. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडल्यावर ती सगळी माणसं नदीच्या काठी येतात, पलीकडे त्यांचा कबूल केलेला मुलूख, आणि आण्णा आवाज खाली आणून सांगत, ‘सगळे गेले. म्हातारी गेली, लेकुरवाळी गेली, शेळ्या गेल्या. आणि सगळ्यांच्या मागून, सगळ्यांच्या शेवटी, आपला माणूस नदीत उतरला. पाय धुतले. आणि गेला पलीकडे.’ बाया डोळे पुसत उठत. सातव्या आठवड्यात एक दिवस खेळ सुटल्यावर कुणी कॉलेजातले प्राध्यापक व्हरांड्यात थांबले होते. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, मास्तर, तुम्ही इंग्रजी शिकवता ना? अहो, तो जात नाही. त्याला जायची परवानगीच नाही. तो डोंगरावर मागं राहतो, साऱ्या जगाला माहीत आहे. आजूबाजूची पोरं हसली. तिचा हात धरून आण्णा घरी आले, दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, आणि पुढं कधी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. हात धरलेला तेवढा तिला नीट आठवत होता. नेहमीपेक्षा घट्ट, आणि घामेजलेला.

गोष्ट मात्र गावात राहिली. अंबादासच्या ऑफिसातसुद्धा ती पोचली होती. तो काही वाईट माणूस नव्हता. छबीला झोका द्यायचा, पगाराच्या दिवशी गजरा आणायचा. पण एखाद्याचं काम चुकलं की त्याच्या तोंडून सहज जाई, ‘यानं पण मास्तरांसारखा पलीकडे नेला वाटतं.’ लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं भांडी जोरात घासली होती. एकदा तो समजावणीच्या सुरात म्हणालाही, अगं, विचार कर, एकतर त्यांना ते इंग्रजी समजलं नाही, नाहीतर समजून ते खोटं बोलले. तिसरं काय असणार? यात आपण वाईट कशाला वाटून घ्यायचं? त्याला पुढं काही म्हणायचंच नव्हतं, तो लगेच पेपरात शिरला. पण ती दोन वाक्यं तिच्यात राहून गेली. छबीला पाजताना, दळण आणताना ती तिच्या दोन बाजूंनी चालत. समजलं नाही, की खोटं बोलले? ज्या माणसानं तिला अक्षर न् अक्षर शिकवलं, तो अडाणी होता की लबाड? तिला एवढंच बघायचं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, एकदा, शेवटपर्यंत.

आक्कांना काय सांगायचं ते तिनं तीन वेळा मनात घोळवलं. पण पडवीत गेल्यावर सरळच बोलली, चिमणाबाईबरोबर सिनेमाला जाऊन येते, बाराच्या. आक्का कमी बोलायच्या. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी तिला एका दमात दहा शब्द सांगितलेले तिला आठवत नव्हते. त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, ‘दुपटी दोन जास्तीची घे.’

चिमणाबाई म्हणजे त्यांची दूधवाली. गंगावेशीतून म्हैस हाकत आणायची आणि दारात पिळून द्यायची, फेसासकट. तरुणपणी ती इथल्या स्टुडिओत गर्दीत उभी राहायची, कधी द्वारकेची रयत म्हणून, कधी लंकेची. त्यामुळं सिनेमा ती कामाच्या माणसाच्या नजरेनं बघे. हा सिनेमा तिनं त्या वेळी अकरा वेळा पाहिला होता. लक्ष्मीपुरीपर्यंत चालत जाताना ती सांगत होती की गर्दी कशी उभी करावी ते त्या लोकांकडून शिकावं. आमच्याकडं ढकलून द्यायचे, म्हणाली, हितं परत्येकाच्या हातात कायतरी हाय बघा. कुणाकडं कोंबडी, कुणाकडं खाट. ‘आणि त्यो म्हातारा कसा पाय धुतोय नदीत. मी बघितलाय ह्या डोळ्यांनी.’ प्रमोदिनीनं छबीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. चिमणाबाईची साक्ष होती ती, आणि चिमणाबाई खोटं बोलत नसे. तिला वाटलं, प्राध्यापकच चुकले असतील. चालताना पाय हलके झाले.

आत बायकांची बाजू भरत आली होती. जुन्या बाया लेकी-सुना घेऊन आल्या होत्या, आणि सगळ्यांच्या माना पडद्याच्या त्या अंगाला वळत होत्या, जिथं पूर्वी मास्तर उभे राहत. दारावरचा पिराजी, त्या वेळचाच, मिशा तेवढ्या पांढऱ्या झालेल्या, सांगत फिरत होता, ‘मास्तर गेलं, बायांनो. आता नुस्तं बघायचं.’ एक म्हातारी उठून म्हणाली, मग तिकीट कशापायी घेतलं? बघायला तर पोस्टर हाय की भाईर. पिराजी हात जोडून हसला आणि दिवे गेले.

सुरुवातीचा बराच वेळ प्रमोदिनी सिनेमा बघतच नव्हती. ती अंधाराचा वास घेत होती. ओल्या गोणपाटाचा, शेंगदाण्यांच्या टरफलांचा, बायकांच्या अंबाड्यातल्या शेवंतीचा. पडद्यावर टोपली पाण्यात सोडली गेली आणि मांडीवरच्या छबीचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं. नऊ वर्षांची असताना तिनं टोपलीतलं बाळ पाहिलं होतं. आता तिला काठावरची आई दिसली, आणि त्या आईचे रिकामे झालेले हात, ते कुठं ठेवावेत हे न कळून तिनं छातीशी दुमडून घेतलेले. हे तेव्हा नव्हतं का सिनेमात? होतंच असेल. तोच सिनेमा, तेच रंग, थोडे विटलेले. पण आपण नव्हतो तिथं. म्हणजे अजून तेरा वर्षांनी आला तर त्यात आणखी कुणीतरी दिसेल, तिला वाटलं, म्हाताऱ्या राजाच्या मागं उभी असलेली एखादी बाई, जिच्याकडं आज लक्षच गेलं नाही. अशा सिनेमाला मरण कसं येणार?

‘काय म्हन्ला?’ चिमणाबाईनं विचारलं. प्रमोदिनीनं तिच्या कानात सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा, काय म्हन्ला? तिनं पुन्हा सांगितलं. पुढच्या रांगेतली वळून म्हणाली, आम्हाला बी सांगा की ताई, एकटीलाच काय? तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. मग मागची रांग बोलली, ऐकू येईना. इंग्रजी तिला वाटलं होतं त्यापेक्षा समजत होतं, आण्णांनीच शिकवलेलं, आणि जे समजत नव्हतं ते चेहऱ्यांवरून कळत होतं. पण आवाज मोठा करायचा म्हणजे काय करायचं हे तिचा गळा विसरून गेला होता. दोन वर्षं ती या खोलीतून त्या खोलीत जाईल एवढंच बोलत होती. बाल्कनीतून एक पुरुषी आवाज आला, शांत बसा खाली. चिमणाबाई उठूनच उभी राहिली. ‘पावणं, तुमास्नी इंग्रजी येतंय न्हवं? मग या खाली, तुमी सांगा. न्हायतर ऐका गप.’ सगळ्या बाया हसल्या. आणि चिमणाबाईनं, कुणी सांगितलं नसताना, छबीला स्वतःच्या मांडीवर उचलून घेतलं. प्रमोदिनीचे हात मोकळे झाले. ती उठली.

ती पडद्याच्या अंगाला गेली नाही. रांगेत, आपल्या जागीच उभी राहिली, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून. पहिली चार वाक्यं आण्णांची होती, ती तिला तोंडपाठ होती. पाचवं मात्र तिचं निघालं. लोक रातोरात गाव सोडून निघाले होते, आणि गर्दीत एक बाई परातीतली कच्ची कणीक फडक्यात गुंडाळून खांद्यावर टाकून चालली होती. आण्णा इथं राजाबद्दल सांगायचे. प्रमोदिनी म्हणाली, ‘ती बघा, डावीकडची. भाकरी थापायला वेळ मिळाला नाही तिला. कणीक तशीच घेतलीय. पोहोचल्यावर थापणार आहे.’ अंधारात शेदोनशे बायकांनी ती बाई शोधली, आणि सापडली तेव्हा जो हुंकार उठला तो प्रमोदिनीच्या पायांतून वर आला. मग तिला थांबता येईना. समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याच्या भिंती तिच्या शब्दावर उभ्या राहिल्यासारखं वाटलं. घसा तापला होता, मान ताठ झाली होती, आणि हा एवढा आवाज इतके दिवस कुठं होता, कुठल्या डब्यात झाकून ठेवला होता, असं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

आणि मग ती नदी आली. डोंगर, पिकलेल्या दाढीचा आपला माणूस, समोर पलीकडचा मुलूख. तो बोलू लागला. शब्द सोपे होते, आठवीच्या पुस्तकातले. तो पलीकडे जाणार नव्हता. त्याला जाऊ देणार नव्हते. तो एकेकाचा निरोप घेत होता.

प्राध्यापक बरोबर होते. अंबादास बरोबर होता. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं, आठवीतल्या मुलालासुद्धा समजलं असतं. म्हणजे मग दुसरं. आणि त्या क्षणी, इतकी वर्षं जे तिनं कधीच पाहिलं नव्हतं ते तिला दिसलं. पडदा नव्हे, पडद्याच्या अंगाला उभे असलेले आण्णा. हा भाग आला की ते पडद्याकडं पाठ करत. रोज. सात आठवडे. चष्मा काढून हातात घेत आणि बायकांकडं, पहिल्या रांगेकडं, तिच्याकडं तोंड करून शेवट सांगत. तिला वाटे ही त्यांची ढब आहे, वर्गात फळ्याकडं पाठ करून उभे राहतात तशी. ती ढब नव्हती. त्यांना ते बघवत नव्हतं. त्या माघात एक माणूस कोडोलीलाच, पंचगंगेच्या अलीकडे राहून गेलं होतं, आणि पडदा शिवून ठेवलेल्या खिडकीत त्यांना आईशिवाय उभं राहावं लागत होतं. आणखी एकाला अलीकडे ठेवून घरी जायचं, रोज, मुलीचा हात धरून? त्यांना समजलं होतं सगळं. फक्त त्याला मागं ठेवणं त्यांनी नाकारलं. हे अंबादासच्या दोन वाक्यांतलं कुठलंच नव्हतं. हे तिसरं होतं.

‘ताई,’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘गेला का त्यो पल्याड?’

सगळ्या थांबल्या होत्या. आण्णांचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, पाय धुतल्याचं. ते उच्चारलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण तिनं पाठ फिरवली नाही. पडद्याकडं बघतच ती म्हणाली, ‘नाही. तो इथंच राहणार. बाकीचे जाणार.’

‘असं कसं?’ चिमणाबाई कडाडली. ‘मी बघितलाय त्याला जाताना. अकरा डाव.’

‘चिमणाबाई, तुम्ही बघितलं नाही. तुम्ही ऐकलं. माझ्या आण्णांनी नेला त्याला पलीकडे. सिनेमावाल्यांनी नव्हता नेला.’

चिमणाबाई पडद्याकडं बघत राहिली, खूप वेळ, कामाच्या माणसाच्या नजरेनं. डोंगरावरचा माणूस हात वर करून उभा होता आणि त्याचे पाय कोरडे होते. ‘आत्ता गं बया,’ ती हळूच म्हणाली, आणि त्या शब्दांत राग नव्हता, नवल होतं, नदीएवढं. ‘म्हंजे एवढं पाणी मास्तरनी नुस्तं तोंडानं दावलं?’

मागच्या रांगेतली ती म्हातारी, तिकिटाचं बोललेली, पदरानं नाक पुसत म्हणाली, पोरं गेली न्हवं पल्याड? मग झालं की. ऱ्हाईना का एकटा. वरनं दिसत तरी असतील त्याला सगळी, शेळ्या-बिळ्या.

‘हो,’ प्रमोदिनी म्हणाली, ‘वरून सगळी दिसतात.’ दिवे लागले. कुणी उठलं नाही. पिराजी दार उघडायचं सोडून मधल्या वाटेत उभा होता, डोळे मिचकावत. तिच्याजवळ येऊन म्हणाला, मास्तरांची लेक न्हवं तुमी? उद्या पयल्यापास्नं सांगा. मी मॅनेजरला सांगतो.

संध्याकाळी अंबादास घरी आला तेव्हा बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती, ऑफिसच्या शिपायाची बायको खेळाला होती. त्यानं टोपी खुंटीला लावली आणि हसत, पण जरा जपून, विचारलं, ‘मग? गेला का तुमचा माणूस पलीकडे?’

‘नाही गेला,’ प्रमोदिनी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. ‘आण्णांना ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्यांना त्याला ठेवून यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आणला. यापुढं ते नाव घेऊन थट्टा करायची नाही.’

अंबादासनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पडवीतून आक्कांचा आवाज आला आणि ते दोघंही वळले, कारण आक्का कधी संभाषणात पडत नसत.

‘तुझं लग्न हिच्याशी का ठरवलं ठाऊक आहे?’ त्या अंबादासलाच विचारत होत्या. ‘तीन स्थळं आली होती. एकात हुंडा होता, एकात शेत होतं. ही मास्तरांची मुलगी म्हणून सांगून आली. मी पाहिला होता तो खेळ, चार वेळा, तुझ्या वडिलांना न सांगता. मला तेव्हासुद्धा शंका आली होती. तो म्हातारा वर उभा, आणि मास्तर म्हणतायत पाय धुतले.’ त्या थांबल्या, सुपातले दाणे हातानं सारखे केले. ‘म्हटलं, जो माणूस पडद्यावरच्याला टाकून येत नाही त्याच्या घरची मुलगी आपल्या घरात यावी. बस.’

अंबादास खाली बसला, मोज्यांसकट. मग छबी रांगत त्याच्याकडं आली, त्यानं तिला उचललं आणि तिच्या डोक्यावरून प्रमोदिनीकडं बघत विचारलं, उद्या किती वाजता आहे. बाराला, ती म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. छबी कुठं राहणार, हे त्यानं विचारायच्या आत आक्काच बोलल्या, माझ्या मांडीवर, पहिल्या रांगेत. मला ऐकू कमी येतं, मोठ्यानं सांग म्हणावं.

दुसऱ्या दिवशी बाराला बायकांची बाजू भरून माणसं भिंतीला लागली होती. बाल्कनीतल्या काही जणांनी खालची तिकिटं घेतली होती. चिमणाबाई पाच म्हशीवाल्या घेऊन आली होती आणि त्यांना शेवट आधीच सांगून टाकत होती, दोन्ही शेवट, एक सिनेमाचा आणि एक मास्तरांचा, आणि कुठला खरा म्हणून म्हशीवाल्या आपसांत वाद घालत होत्या. प्रमोदिनी पडद्याच्या अंगाला येऊन उभी राहिली. पायाखालची फरशी गार होती. कुणी गप्प बसा म्हणालं नाही, तरी आवाज आपोआप खाली गेला. पिराजीनं तिच्याकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि मान हलवली.

दिवे गेले. यंत्र घरघरलं, पडदा अजून काळाच होता.

‘नदीकाठी एक बाई आलीय,’ ती म्हणाली, आणि पडदा उजळायच्या आत समोरच्या अंधारात पाणी वाहायला लागलं.